मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एकच, मग वेळ दर वेळी वेगळी का?

पिंपळपार

उन्हाळा जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. "आई-बाबा पहिल्यांदाच येतायत, मुंबईहून थेट विमान घ्यावं की मध्ये थांबणारं?" मग कोणी अंतर टाकतं, कोणी म्हणतं आमचं चौदा तासांत पोचलं, दुसरं कोणी म्हणतं आम्हाला सोळा लागले. विचारणारा होता तिथेच राहतो. म्हणून हा वेगळा धागा. अंतर, वारा, वाट आणि घरातल्या वयस्कर माणसांची सोय, हे सगळं एकदा नीट मांडू या. जाणकारांनी भर घालावी.

आधी अंतर. मुंबई विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत पृथ्वीच्या पाठीवरून जवळात जवळची वाट साधारण १२,५४० किलोमीटर भरते. विमानाची माणसं नॉटिकल मैलांत बोलतात, त्यात हे ६,७७० च्या आसपास. नदीपलीकडचं न्यू जर्सीतलं नेवार्क धरलं तरी आकड्यात किरकोळ फरक पडतो. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे आपण त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका बैठकीत कापतो.

मोठं जेट विमान वारा नसेल तर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. साधा भागाकार केला तर चौदा तास येतात. पण वेळापत्रक बघा. थेट विमानाला जाताना पंधरा ते सोळा तास आणि येताना चौदा ते पंधरा तास दिलेले असतात.

थोडा फरक वेळ मोजण्याच्या पद्धतीचा आहे. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम, म्हणजे विमान गेटवरून मागे सरकल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा वेळ. धावपट्टीपर्यंतची रांग, टॅक्सी करणं (म्हणजे विमानाचं जमिनीवर चाकांवर सरकणं), उतरण्याआधी घिरट्या घालायची वेळ आली तर त्याची सोय, हे सगळं त्यात धरलेलं असतं. संध्याकाळच्या गर्दीत जेएफकेला नुसत्या टॅक्सीतच अर्धा तास सहज जातो.

मोठा फरक वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार झोत असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वारा मिळणं नेहमीचं. अमेरिकेहून येताना तो पाठीशी असतो, जाताना तोंडावर. ९ फेब्रुवारी २०२० ला ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी त्या प्रवासाला साडेसहा-सात तास धरतात.

जाताना गेलेला वेळ येताना भरून निघेल असं वाटतं, पण तसं होत नाही. समजा दोन्ही बाजूंना १२,६०० किलोमीटर आणि वारा ताशी १०० किलोमीटर. जाताना वेग ८००, वेळ पावणेसोळा तास. येताना वेग १,०००, वेळ १२ तास ३६ मिनिटं. बेरीज २८ तास २१ मिनिटं. वारा नसता तर बरोबर २८ तास लागले असते. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, त्यामुळे तोटा नफ्यापेक्षा थोडा जास्तच होतो.

तिसरी गोष्ट वाटेची. त्यावर लिहीनच, पण आधी तुमचे प्रश्न येऊ देत.

रातवा

उत्तम सुरुवात. वाटेचंच विचारायचं होतं. मागच्या वेळी आईला घेऊन येत होतो. समोरच्या पडद्यावर विमान सारखं वर वर चाललेलं बघून ती म्हणाली, "अमेरिका पश्चिमेला ना, मग आपण रशियाकडे का निघालोय?" मला तिला नीट सांगता आलं नाही. भिंतीवरच्या नकाशात तर मुंबईहून अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक अशी सरळ रेघ दिसते.

पिंपळपार

रातवा, आईंचा प्रश्न अगदी नेमका आहे. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर बोटाने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर. आता दोरा ताणा. तो आपोआप सरकत सरकत उत्तरेला जातो. भिंतीवरच्या नकाशासारखा आफ्रिकेवर धरून ठेवायला गेलात तर तिथे तो सैल पडतो, म्हणजे ती वाट लांबची.

मी गणित करून पाहिलं. मुंबईहून निघताना या वाटेची दिशा उत्तरेपासून पश्चिमेला फक्त २७ अंश कललेली आहे, म्हणजे विमान पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच जास्त निघतं. मग सिंध, क्वेट्टाचा परिसर, पश्चिम अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान. पुढे मॉस्कोच्या अगदी जवळून, सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेने फिनलंडमध्ये, मग स्वीडन आणि नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या आसपास. सगळ्यात उत्तरेचा बिंदू जवळजवळ ६५ अंशांवर येतो, आर्क्टिक वृत्ताच्या जरासा अलीकडे. तिथून आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर आणि क्वेबेक, अमेरिकेतलं मेन राज्य आणि न्यूयॉर्क.

आईंना दोरा ताणून दाखवाच. एकदा हाताने केलं की कायमचं पटतं.

केवडा७२

मी एका विमान कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. पिंपळपार यांनी सांगितलेली दोऱ्याची वाट बरोबर आहे, पण त्या वाटेने मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारं विमान आज तुम्हाला जवळपास सापडणार नाही. कारण आकाशातल्या सीमा.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती १६ जुलैला उघडली. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना ती पुन्हा बंद झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यावर अफगाणिस्तानवरून जाणं बहुतेक कंपन्यांनी सोडलं. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं आणि अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय कंपन्यांना रशियाची बंदी नाही, पण मुंबईहून तिथपर्यंत पोचायचं तर मध्ये हे सगळं आडवं येतं. जून २०२५ मध्ये इराणचं आकाश बंद झालं तेव्हा तर वाटेत असलेली विमानं परत फिरवावी लागली.

या सगळ्यात मुंबईचं एक बरं आहे. विमान उठलं की अरबी समुद्रावरून आखाताकडे वळतं आणि पुढे युरोपकडे जातं. लांबते, पण वाट मिळते. दिल्लीला पाकिस्तान दारातच आहे, त्यामुळे २०२५ नंतर दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. त्याच शहराचं तेच तिकीट, आणि प्रवास काही तासांनी वाढला.

लोक विचारतात की मग कंपनी रोज कोणती वाट घेते? ठरलेली वाट नसते. उड्डाणाच्या काही तास आधी डिस्पॅचर, म्हणजे उड्डाणाची आखणी करणारा माणूस, त्या दिवसाचा वारा, वादळं, बंद हद्दी, कोणत्या देशावरून जायला किती पैसे पडतात, हे सगळं मांडून फ्लाइट प्लॅन काढतो. दोनशे किलोमीटर लांबची वाट वाऱ्यामुळे लवकर पोचवत असेल तर तीच घेतात. अटलांटिकवर तर रोज नवे मार्ग आखले जातात, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी आणि रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी वेगळे. कॅनडातलं गँडर आणि आयर्लंडमधलं शॅनन-स्कॉटलंडमधलं प्रेस्टविक अशी जोडी, जिला शॅनविक म्हणतात, ही हवाई वाहतूक नियंत्रणाची केंद्रं ते काम बघतात.

याचं ठळक उदाहरण एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली. अंतर हजारभर किलोमीटरने वाढलं आणि वेळ कमी झाली, कारण वारा पाठीशी आला.

माजघर

केवडाकाका, फार छान माहिती. इंधन किती लागतं हो एवढ्या प्रवासाला?

केवडा७२

या मार्गावर वर्षानुवर्षं दिसलेलं बोइंग ७७७-३००ईआर धरा. टाक्या भरल्या की सुमारे १,८१,००० लिटर, म्हणजे १४५ टन. विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन साडेतीनशे टन. म्हणजे निघताना दर पाच किलोंमागे दोन किलो नुसतं इंधनच असू शकतं. तासाला सात-आठ टन जळतं, आणि सुरुवातीच्या तासांत जळणाऱ्यातला बराच भाग पुढचं इंधन वाहून नेण्यातच खर्च होतो. म्हणून वाट तासाभराने लांबली की कंपनीला एकतर सामान कमी घ्यावं लागतं, नाहीतर काही सीट रिकाम्या ठेवाव्या लागतात.

मुंबईची लांब पल्ल्याची विमानं रात्री निघतात त्याचं एक कारण हेही आहे. उन्हात तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही कमी पडते. एवढं वजन घेऊन एप्रिलच्या दुपारी उठण्यापेक्षा मध्यरात्र बरी.

शिडाचं गलबत

इतिहासाची थोडी भर. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. जेआरडी टाटा स्वतः त्यात होते. न्यूयॉर्क मे १९६० मध्ये आलं, बोइंग ७०७ ने, लंडनमार्गे. त्या पिढीत मुंबईहून एका दमात अमेरिका गाठणं शक्यच नव्हतं, तेवढं इंधन घेऊन उडणारं प्रवासी विमानच नव्हतं.

माजघर

आता माझा खरा प्रश्न. आईचं वय ७२, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, पहिल्यांदाच एकटी येणार आहे, न्यू जर्सीत एडिसनला. भाऊ म्हणतो दुबई किंवा दोहामार्गे आण, पाय मोकळे होतील. मला वाटतं थांबा घेतला की अंतर वाढतं, दमणूक वाढते. कोणाचं बरोबर?

पिंपळपार

माजघर, अंतराची काळजी सोडूनच द्या. हे आकडे बघा, सगळे जवळच्या वाटेचे आहेत. मुंबई-लंडन ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५५०, बेरीज १२,७५०. म्हणजे थेट अंतरापेक्षा फक्त दोनशे किलोमीटर जास्त! दुबईमार्गे १,९३० आणि ११,०२०, म्हणजे १२,९५०. दोहामार्गे १३,१०० च्या आत. एवढ्या लांबच्या प्रवासात मधलं शहर दोऱ्यापासून थोडं बाजूला असलं तरी बेरीज फारशी फुगत नाही. त्यात थेट विमानसुद्धा सध्या आखातावरूनच वळून जातं, त्यामुळे फरक आणखी कमी होतो.

वाढतो तो वेळ. एक जास्तीचं उतरणं-चढणं म्हणजे हवेतला आणि धावपट्टीवरचा मिळून पाऊण तास, आणि मग विमानतळावरची बैठक. दोन तासांची असेल तर धावपळ, सहा तासांची असेल तर ताटकळणं. तीन-चार तासांची मिळाली तर घ्या.

आता माझं मत, आणि हे मी अनेक घरांत पाहून बनवलेलं आहे. पहिल्यांदा एकटं येणाऱ्या वयस्कर माणसाला शारीरिक त्रासापेक्षा गोंधळाची भीती जास्त असते. गेट कुठलं, घोषणा समजली नाही तर काय, गर्दीत चुकले तर कोणाला विचारू. थेट विमानात हे सगळं एकदाच. त्यामुळे प्रकृती साथ देत असेल तर मी थेटच सुचवेन. पण गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या बाईंना पंधरा-सोळा तास बसवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका लांब बसण्याने वाढतो, आणि अलीकडचं ऑपरेशन असेल तर तो आणखी वाढतो. डॉक्टर म्हणाले मध्ये उतरा, तर उतरावं. तिथे अंतराचा विचार करायचाच नाही.

उत्तरध्रुव

मी मात्र थांब्याच्या बाजूने. माझ्या सासूबाई दोन्ही प्रकारे आल्या आहेत. थेट विमानात शेवटच्या चार तासांत त्या अगदी कासावीस झाल्या होत्या. मधल्या जागेवर बसल्या होत्या आणि शेजारच्यांना उठवायचा संकोच, म्हणून पाणीच पिणं टाळलं. थांबा घेतला तेव्हा व्हीलचेअरवाल्या मुलाने गेटपर्यंत नेऊन सोडलं, चहा घेतला, स्वच्छतागृहात निवांत जाऊन आल्या, पुढचा प्रवास झोपून केला.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागायची, आदल्या दिवशी नाही. आणि थेट असो वा थांब्याचं, कडेची सीट मागून घ्या. थोडे पैसे पडले तरी चालतील.

पिंपळपार

उत्तरध्रुव, पाणी टाळण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा. केबिनमधली हवा अतिशय कोरडी असते. जुन्या विमानांत आतला हवेचा दाब ८,००० फूट उंचीवर असतो तसा, नव्या बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये ६,००० फुटांसारखा. लांबच्या प्रवासात हा फरक वयस्कर माणसांना जाणवतो. कोणतं विमान आहे हे तिकिटावर लिहिलेलं असतं, ते जरूर बघा.

रातवा

तारखेबद्दल एक सूचना सगळ्यांसाठी. मुंबईची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर निघतात. तिकिटावर १५ मे, ००:४० असेल तर विमानतळावर १४ मेच्या रात्री नऊच्या सुमारास पोचायचं. पंधरा तारखेच्या संध्याकाळी बॅगा भरायला घेतल्या तर विमान कधीच गेलेलं असतं. आई-बाबांच्या कॅलेंडरवर चौदा तारखेलाच गोल करा.

आणि पुण्या-साताऱ्याहून येणाऱ्यांनी प्रवासाचा वेळ घरापासून मोजावा. विमानाचे सोळा तास, त्याआधी विमानतळावरचे तीन, पुण्याहून गाडीचे चार, वाटेत घाटात अडकण्याचा एक. पलीकडे इमिग्रेशनची रांग आणि बॅगांसाठी दीड-दोन तास. जेएफके लाँग आयलंडच्या बाजूला आहे, एडिसनला जायला पूर्ण शहर ओलांडावं लागतं. नेवार्क न्यू जर्सीतच आहे. जर्सीला येणाऱ्यांनी दोन्हींत फार फरक नसेल तर नेवार्क घ्यावं.

माजघर

आईला मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. घड्याळ कोणतं धरायचं?

केवडा७२

औषधाचं डॉक्टर सांगतील, मी घड्याळाचं सांगतो. भारत आणि न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेनऊ. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. त्यामुळे उन्हाळ्यात जाताना दिवस साडेतेहतीस तासांचा होतो आणि परत येताना साडेचौदाचा. डॉक्टरांना नुसतं 'सोळा तासांचा प्रवास' सांगू नका. हे दोन आकडे, विमान निघायची वेळ, आणि जेवण साधारण कधी मिळतं ते कागदावर लिहून न्या. जाताना लांबलेल्या दिवसात डोसचं काय आणि येताना आखूड दिवसात काय, हे ते वेगवेगळं लिहून देतील.

इन्सुलिन हातातल्या पिशवीत. बॅगेज होल्डमध्ये टाकलं तर गोठू शकतं, आणि बॅग उशिरा आली तर औषधच नाही. सोबत डॉक्टरांचं पत्र.

पिंपळपार

तिथे पोचल्यावरच्या झोपेबद्दल दोन ओळी. शरीराचं घड्याळ नवीन वेळेशी दिवसाला एक-दीड तासाच्या गतीने जुळतं, म्हणून आठवडाभर रात्री दोनला टक्क जाग येणार. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर काहीतरी बिघडलंय असं वाटून घाबरतात. सकाळी उजेडात फिरायला न्या. परत आल्यावर बहुतेकांना जास्त जड जातं, कारण पूर्वेकडे येताना झोप लवकर आणावी लागते.

गवताळ

मी शिकागोला राहतो. आई-बाबा न्यूयॉर्कला उतरून पुढचं विमान घेतील, की आखातातून सरळ शिकागो?

पिंपळपार

सरळ शिकागो. अमेरिकेत पहिल्या शहरात उतरलं की इमिग्रेशन तिथेच, आणि बॅगा उचलून, कस्टम्समधून नेऊन, पुन्हा द्याव्या लागतात. जेएफकेसारख्या ठिकाणी टर्मिनल बदलून हे सगळं करणं म्हाताऱ्या माणसांना कठीण. आखातात किंवा युरोपात विमान बदललं तर बॅगा थेट शेवटच्या शहरात जातात, फक्त सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा. युरोपातून जाणार असाल तर ट्रान्झिट व्हिसाचं विमान कंपनीकडून आधी विचारून घ्या.

गवताळ

आणि अबू धाबीला अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं म्हणतात, ते खरं आहे का?

पिंपळपार

हो, जानेवारी २०१४ पासून. अमेरिकेचेच अधिकारी तिथे बसतात, बोटांचे ठसे, प्रश्न सगळं तिथेच. पलीकडे उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशांसारखं बाहेर पडायचं. रांग तिथेही असते, म्हणून मधला वेळ किमान तीन तासांचा ठेवा. आई-बाबांच्या हातात तुमचा पत्ता, फोन नंबर आणि परतीचं तिकीट कागदावर छापलेलं द्या. फोन बंद पडला तरी तो कागद पुढे करता येतो.